उंदीर पडले, घूस राहिली

तिसऱ्या पाळीला पॅनेलरूममधून फोन यायचा, "साहेब, माती आली." की मी चहा तसाच टाकून उठायचो. मेंटेनन्सला मी अडतीस वर्षं काढली. आधी चिंचवडच्या एका कारखान्यात, मग त्याच कंपनीच्या चाकणच्या प्लांटवर. एवढ्या वर्षांत मशीनचा धसका कधी घेतला नाही. घेतला तो दोनच गोष्टींचा, ट्रेंचमध्ये शिरणारं पावसाचं पाणी आणि केबलशेजारी सकाळी दिसणारी ताजी, भुसभुशीत, ओलसर माती. संध्याकाळी झाडून घेतलेल्या काँक्रीटवर टोपलीभर माती, आणि तिच्यावर पाऊल नाही की शेपटीचा ओरखडा नाही. ज्यानं काढली तो माती पुढे ढकलून मागच्या मागे गेलेला असायचा.

१९८९ च्या पावसाळ्यात एका पहाटे आमची आख्खी लाइन सहा तास बंद पडली. पॅनेल उघडलं तर बसबारच्या खाली घूस पडलेली, केस जळून काळेठिक्कर झालेले, तोंडात अजून केबलच्या इन्सुलेशनचा तुकडा. स्टोअरच्या काट्यावर ठेवली, नऊशे चाळीस ग्रॅम भरली. आमचे फोरमन डोक्याला हात लावून म्हणाले, "आता नोंदवहीत कारण काय लिहू? वर जाऊन घूस सांगितली तर हसतील." शेवटी 'रोडंट' असं लिहिलं. इंग्रजीत लिहिलं की काहीही खपतं.

त्या रात्रीनंतर मला घुशीचा नाद लागला. घरचे म्हणतात, अजून सुटला नाही.

घूस म्हणजे मोठा उंदीर, असं बहुतेकांना वाटतं. नातं आहे, पण जात वेगळी. शास्त्रज्ञ आपल्याकडे तिचे दोन प्रकार मानतात. बँडिकोटा इंडिका ही मोठी, किलोच्या घरात जाणारी, गावाच्या उकिरड्याला, गोठ्याला, नाल्याला असणारी. बँडिकोटा बेंगालेन्सिस ही लहान, तिच्या निम्म्याहून कमी वजनाची, पण खोदण्यात आणि पोरं काढण्यात तिची आजी. तीन आठवड्यांत वीत, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं तीन महिन्यांत स्वतः व्यायला तयार. घरातला उंदीर चढणारा प्राणी आहे, माळ्यावर, आढ्याला, कपाटावर तुरुतुरु जाणारा. घूस खालची. तिचं सगळं राज्य जमिनीच्या आत. बिळात एक मोठी प्रौढ घूस एकटीच राहते, फार तर मादी आणि तिची पिल्लं. एक खोली झोपायची, एकदोन साठवणीच्या, आणि एखादं तोंड असं की बाहेरून नुसता मातीचा पातळ पापुद्रा. संकट आलं की त्याला डोकं मारून पसार. कोंडलीत तर मात्र पळत नाही. अंगावरचे राठ केस उभे करते, दुप्पट दिसते आणि डुकरासारखी गुरगुरते. मी ते गुरगुरणं दोनदा ऐकलंय, दोन्ही वेळा टॉर्च हातातून पडला होता.

हे डुकराचं काही मी जोडलेलं नाही. तेलुगूत तिला पंदिकोक्कु म्हणतात, म्हणजे डुक्कर-उंदीर. इंग्रजांनी त्याचंच 'बँडिकूट' केलं. त्याची पुढची गंमत शेवटी सांगतो.

मी चिंचवडगावातला. मोरया गोसावींच्या समाधीपासून आमचं घर हाकेच्या अंतरावर, मागे पवना. गणपतीच्या गावात उंदराशी वाकडं घ्यायची सोय नव्हती. आजी उंदीर दिसला की "देवाचं वाहन आहे रे, हाकल नुसतं" म्हणायची. पण तिच्या तोंडी आणखी एक वाक्य होतं, ते मला फार उशिरा कळलं. कुठे मेलेला उंदीर दिसला की ती पदर तोंडाला लावायची आणि विचारायची, "उंदीर पडला की मारला?"

मारला तर ठीक. पडला तर गाव सोडायचं.

प्लेगच्या पुढच्या लाटांमधलं तिचं लहानपण. उंदीर पडले की माणसं बाहेर माळावर झोपड्या घालून राहायची, घराला कुलूप, चूल तीन दगडांची. तिला त्यातली भीती आठवत नव्हती. आठवत होतं ते हे, की शाळा नव्हती आणि रात्री आभाळाखाली निजायला मिळायचं. एक धाकटा भाऊ मात्र त्या माळावरून परत आला नाही. त्याचं नाव ती कधी घेत नसे, 'जांघेत गाठ आलेला' एवढंच म्हणायची.

मुंबईत हा रोग सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. त्याआधी दोन वर्षं तो हाँगकाँगमध्ये धुमाकूळ घालत होता, तिथून जहाजांबरोबर आला. थोड्याच महिन्यांत पुणं. फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँडला पुण्याच्या प्लेग समितीवर नेमलं आणि गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. आजारी माणूस शोधायचा, त्याला इस्पितळात आणि घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात न्यायचं, सामान बाहेर काढून जाळायचं, भिंतींना चुना, जमिनीवर जंतुनाशकाचे फवारे. माजघरात, देवघरात बूट घालून शिरणं, बायकांची तपासणी, हे सगळं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले याच साथीत गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांनाच लागण झाली. आणि २२ जूनच्या रात्री, राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी संपवून गाड्या गणेशखिंडीतून परतत असताना, आमच्या चिंचवडच्या दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. तिन्ही भाऊ, दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव, १८९८-९९ मध्ये फाशी गेले. त्यांचा वाडा आजही गावात आहे आणि चौकाला त्यांचं नाव आहे. आमची बस तिथे थांबायची.

त्या चौकात बसची वाट बघताना माझ्या डोक्यात येई ते वेगळंच. सोजिर ज्याला शोधत होते तो माणूस होता. रोग वाहणारा मात्र चुना आणि फवारे सुरू होताच भिंतीतून शेजारच्या घरात निघून गेला होता. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसाला देते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं ते जून १८९८ मध्ये, म्हणजे रँडला मारल्यानंतर वर्षभराने, आणि दामोदरला फाशी दिल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी. सिमाँचंही पुढे कितीतरी वर्षं कुणी नीट ऐकलं नाही. माझ्या आजीच्या पिढीतल्या अडाणी बायका 'पडला की मारला' एवढ्या तीन शब्दांत जे विचारत होत्या, ते सरकारला समजायला आयोग बसवावे लागले. हे मी अभिमानाने म्हणत नाही. त्या बायकांनाही पिसू माहीत नव्हती. पण त्या निदान उंदराकडे बघत होत्या.

प्लेगात मरणारा उंदीर मुख्यतः घरातला काळा उंदीर, कौलांत आणि माळ्यावर राहणारा, म्हणूनच तो वरून 'पडायचा'. घूस खाली होती. तिलाही पिसवा होतात, तीही रोगाच्या फेऱ्यात येते, पण तिचं मरण कुणाच्या ताटात पडत नव्हतं. बिळात मेली, बिळातच पुरली गेली. पुढे घरं बदलली. कौलं गेली, स्लॅब आले, माळे गेले. चढणाऱ्या उंदराची जागा कमी झाली आणि खोदणारीची वाढली, कारण स्लॅबबरोबर गटारं आली, पाइप आले, फरशीखालची मुरुमाची भर आली. मुंबई आणि कोलकाता या दोन्ही शहरांत विसाव्या शतकात छोटी घूस गोदामांत आणि गटारांत अशी पसरली की जुन्या उंदरांना तिने मागे टाकलं. मुंबई महापालिका रात्री उंदीर मारायला माणसं ठेवते, काठी आणि टॉर्च घेऊन फिरणारी, एका रात्रीत तीस नग हा त्यांचा ठरलेला आकडा. त्यांच्या पोत्यात बघा, घुशी किती असतात ते.

पिंपरी-चिंचवड तर नव्यानेच खणलेलं. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, आधी पेनिसिलिन आणि मग स्ट्रेप्टोमायसीन. आमच्या गावातले कितीतरी जण तिथे लागले, भोंगा वाजला की घड्याळ लावायची पद्धत होती. आता स्ट्रेप्टोमायसीन म्हटलं की लोकांना क्षय आठवतो. पण प्लेगवरही तेच पहिल्या पंक्तीचं औषध. ज्या गावच्या तीन भावांना प्लेगच्या पायी फाशी झाली, त्या गावापासून सायकलच्या टप्प्यावर साठेक वर्षांनी प्लेगचं औषध बाटल्यांत भरलं जात होतं. मी हे एकदा तिथे काम करून निवृत्त झालेल्या एका काकांना म्हणालो. ते म्हणाले, "आम्हाला काय, आम्ही बॅच नंबर बघायचो."

त्यानंतर एमआयडीसी १९६२, नगरपालिका १९७०, महापालिका १९८२. प्रत्येक वेळी जमीन खोदली गेली. एवढंच सांगून पुढे जातो, कारण या शहराच्या वाढीवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

१९९४ सालाबद्दल मात्र थांबायला हवं. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलं होतं. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ऑगस्टच्या शेवटी उंदीर पडू लागले आणि मागोमाग गाठीचा ताप आला. भूकंपानंतर लोक भीतीने घराबाहेर राहत होते, धान्य आत तसंच, असं त्यावर नंतर लिहिलं गेलं. सप्टेंबरात सुरत. सुरतेहून माणसं गाड्या भरभरून निघाली आणि आमच्या कंपनीत अर्धी पाळी तोंडाला रुमाल बांधून यायला लागली. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब. आजी तेव्हा नव्वदीच्या पुढे, आंधळी झालेली. टीव्हीवर बातमी लागली तर अंथरुणातून तिने विचारलं तेच, "पडले का मारले?"

त्याच आठवड्यात वरून हुकूम आला, कारखान्यातला एकूण एक उंदीर संपवा. पेस्ट कंट्रोलचा कंत्राटदार आला आणि झिंक फॉस्फाईडचं आमिष थेट ठेवून मोकळा झाला. मी त्याला म्हणालो, आधी दोन-तीन रात्री नुसतंच पीठ-गूळ-तेल घाल, तिला सवय होऊ दे, मग विष मिसळ. त्याने ऐकलं नाही. घूस नवी वस्तू जपून चाखते. थोडंसं खाल्लं, पोट बिघडलं आणि वाचली, तर त्या चवीच्या वाटेला परत जात नाही. आठ दिवसांनी आमिष तसंच होतं, माती नवी होती.

हे शहाणपण माझं नव्हे. मला ते शिकवलं एका वडार समाजातल्या मामांनी. चाकणला आमच्या प्लांटच्या पायाची खोदाई चालू होती, तेव्हा ते मुकादमाकडे कामाला होते. जमीन परवा-परवापर्यंत कुणाच्या तरी भुईमुगाची आणि बाजरीची. जेसीबीने वरचा थर उचलला की बिळं उघडी पडायची. मामांनी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मला बोलावलं. "साहेब, बसा हितं. बोलू नका." आधी त्यांनी बांधाच्या कडेने फिरून मातीचे ढीग बघितले, बोटांत चोळून. कोरडी सोडली, ओली धरली. मग ढिगापासून सहा-सात पावलांवर जिथे मला काहीच दिसत नव्हतं तिथे टाच दाबली. टाच आत गेली. ती पळवाट. तिच्यावर त्यांनी दगड ठेवला आणि ढिगाच्या बाजूने पहारीने खणत आले, एका हाताने माती काढत, दुसरा हात सतत भोकाच्या तोंडावर. हातभर खाली साठवणीची खोली लागली. तिच्यातून शेंगा निघाल्या, भुईमुगाच्या, साफ केलेल्या, एकावर एक लावून ठेवल्यासारख्या. पाटी भरली. मग बाजरीची कणसं. "बाई हाय घरात," मामा म्हणाले, आणि खरंच मादी निघाली.

शेंगा त्यांनी घरी नेल्या, आणि घूसही. त्यांनी ते लपवलं नाही, मीही नाक मुरडलं नाही. वडारांनी विहिरी खोदल्या, दगड फोडले, रस्ते केले, आणि पिकाच्या शेवटी शेतं खणून बिळातलं धान्य आणि बिळातला जीव दोन्ही मिळवले. मावळात कातकऱ्यांचंही तेच. शेतकरी त्यांना बोलावून घ्यायचा, कारण त्याचं नुकसान थांबायचं आणि यांचं पोट भरायचं, पैसा मध्ये येतच नसे. आता प्लॉटला कुंपण आहे आणि गेटवर पास लागतो. मामा नंतर दोन वर्षांनी भेटले, एका दुसऱ्या प्लांटच्या गेटवर सिक्युरिटीच्या गणवेशात. मी विचारलं, "खणता का अजून?" ते हसले. म्हणाले, "आता राखतो."

चाकण म्हणजे लोकांना आता गाड्या आठवतात, त्याआधी कांद्याचा बाजार आठवायचा. मला संग्रामदुर्ग आठवतो. गावाच्या मध्यात त्या भुईकोटाचे अवशेष आहेत. १६६० च्या पावसाळ्यात शाइस्तेखानाने त्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर माणसांनिशी पन्नासहून जास्त दिवस किल्ला झुंजवला. तोफांनी काही होईना, तेव्हा मोगलांनी जमिनीखालून भुयार खणत तट गाठला, दारू भरली आणि १४ ऑगस्टला सुरुंगाने बुरूज उडवला. इतिहासाचे मास्तर हा प्रसंग शौर्यासाठी सांगतात. मी त्या ढासळलेल्या तटापाशी उभा राहिलो की मला खंदकाच्या काठाची माती दिसते. अडीच-तीन वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो, तटाच्या पायथ्याला एक ताजा ढीग होता, मोठ्या घुशीचा. किल्ल्याला खालून घेणं या गावात तिच्याइतकं कुणाला जमलेलं नाही.

आता ती राहिलेली गंमत.

माझी मुलगी न्यू जर्सीत असते. मागच्या हिवाळ्यात तिने रात्री कचऱ्याच्या डब्यापाशी काढलेला फोटो पाठवला. पांढरं तोंड, गुलाबी नाक, उघडी शेपटी, मांजराएवढा देह. खाली लिहिलं होतं, "बाबा, तुमची घूस इथपर्यंत आली." मी पाहिलं आणि म्हटलं, नाही गं, ही ती नव्हे. तो ओपॉसम होता. तो उंदीरच नव्हे. तो शिशुधान प्राणी, कांगारूच्या मोठ्या कुळातला, आणि मेक्सिकोच्या उत्तरेला असलेला एकमेव. बारा-तेरा दिवसांत पिल्लं होतात, मधमाशीएवढी, आंधळी, आणि आईच्या केसांतून सरपटत पिशवीत जातात. पिशवीत सडं तेरा, बारांचं कडं आणि मध्ये एक. ज्याला सड मिळालं तो जगला. तोंडात पन्नास दात. आणि घाबरला की घुशीसारखा अंगावर येत नाही, तर लवंडतो, जीभ बाहेर काढतो, मागून घाण वास सोडतो आणि मेल्यासारखा पडून राहतो. ते सोंगही नसतं म्हणे, त्याच्या हातात नसतं, झटका यावा तसं होतं. मुलीच्या शेजाऱ्याने एक असा 'मेलेला' डब्यात टाकला आणि सकाळी डबा रिकामा.

नावांची कथा अशी. ओपॉसम हा शब्द व्हर्जिनियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला, इंग्रजांनी तिथून उचलला. पुढे ऑस्ट्रेलियात गेल्यावर तिथल्या पिशवीवाल्या झाडावरच्या प्राण्यांना त्यांनी तेच नाव अर्धं तोडून दिलं, पॉसम. आणि ऑस्ट्रेलियात लांब नाकाचा, जमीन उकरणारा दुसरा एक पिशवीवाला दिसला, त्याला नाव दिलं बँडिकूट. आमच्या तेलुगू डुक्कर-उंदराचं. म्हणजे आज जगात बँडिकूट म्हटलं की लोकांना ऑस्ट्रेलियाचा तो गोंडस प्राणी आठवतो, आणि व्हिडिओगेम खेळलेल्या पोरांना तर फक्त क्रॅश. नाव मूळ जिचं, ती आमच्या ट्रेंचमध्ये केबल खात बसली आहे.

मुलीला मी हे सगळं लांबलचक लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, "बाबा, रात्रीचे दोन वाजलेत इथे."

निवृत्त झालो तरी सवय गेली नाही. घरामागे नदीकडे जाणारा नाला आहे, सोसायटीवाल्यांनी त्याच्या कडेला पेव्हर ब्लॉक बसवलेत. तिसऱ्याच महिन्यात ब्लॉक खचले. मंडळी ठेकेदाराला शिव्या देत होती. मी वाकून माती चोळली, ओली होती. संध्याकाळी मी एकूण एक भोकं मातीने बुजवली, नऊ होती, आणि प्रत्येकावर चुन्याची टिकली लावली. आमच्या धंद्यात बीळ जितं की मेलं ते असंच कळतं, दुसऱ्या दिवशी जेवढी उघडी तेवढी जिती. सकाळी सहाला चहा घेऊन गेलो. चार उघडी होती. आणि पाचवं एक, जिथे मी टिकली लावलीच नव्हती.